विचारलं म्हणून आले

लेखाच्या शेवटी प्रश्न टाकायची मला जुनी खोड. जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात मी कितीतरी वर्षं सदर लिहिलं, आणि त्यातला एकही लेख पूर्णविरामावर संपवल्याचं मला आठवत नाही. ‘माणुसकी कुठे हरवली?’ ‘या रस्त्याला वाली कोण?’ ‘हे असंच चालायचं का?’ मजकूर संपत आला की तळाशी एक प्रश्न ठेवायचा, चष्मा काढायचा आणि जेवायला बसायचं. यात मोठी सोय अशी की उत्तर येत नाही. छापील वाचक फार सोज्वळ. लेख आवडला तरी गप्प बसतो, नाही आवडला तरी गप्प बसतो, आणि कुठलं गप्प कशामुळे आहे ते लेखकाने आपल्या मर्जीने ठरवायचं असतं. मी नेहमी पहिलंच कारण धरलं. कधीमधी एखादं पोस्टकार्ड यायचं. एका कार्डावर तर एवढंच होतं की तुमच्या लेखाशेजारी बाजारभाव छापतात ते फार बारीक असतात, लेख थोडा कापून भाव मोठे करता येतील का ते बघा.

पोटापाण्यासाठी मी मलकापुरात एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. म्हणजे कापसाशी जन्माचं नातं, पण ते गाडी फाटकातून आत आली की सुरू व्हायचं आणि गठाण बांधली की संपायचं. फाटकाच्या बाहेरचा कापूस, पेरणीपासून वेचणीपर्यंतचा सगळा, माझ्या थोरल्या भावाकडे. मोताळ्याजवळच्या आमच्या गावी वडिलोपार्जित शेत आहे. सातबाऱ्यावर दोघांची नावं, मातीत एकट्याचे पाय. मी वर्षातून एखाददोनदा जायचो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून "यंदा पीक बरं दिसतं" म्हणायचो आणि वहिनीच्या हातचं जेवून परत यायचो. पीक बरं असो की वाईट, माझं वाक्य तेच असायचं. भाऊ "हाव" म्हणायचा. त्याचंही उत्तर तेच असायचं.

पुढे साप्ताहिक बंद पडलं आणि त्याच सुमारास मी नोकरीतूनही मोकळा झालो. लिहायची खाज तेवढी मागे राहिली. मी बायकोला दिवसभर लेख वाचून दाखवू लागलो. तिने थोडे दिवस सोसलं, आणि मग माझ्या मोबाईलवर माझ्या नावाचं एक पान उघडून दिलं.

"एकट्या मले वाचून दाखवता, त्यापेक्षा साऱ्या जगाले दाखवा," ती म्हणाली. साहित्याची सेवा हा तिचा हेतू नव्हता. तिला आपले कान वाचवायचे होते. तिने अटही घातली होती की ती स्वतः हे वाचणार नाही.

त्या पानावर मी एका कापूसवाल्याची मालिका सुरू केली. ‘मी’ म्हणून लिहिली. माझं शेत, माझा बैल, माझ्या धुऱ्यावरची चिंच, घरी तिखट बोलणारी आणि गोड बट्टी करणारी माझी बायको. भाऊ मालिकेत नव्हता. एका शेताला दोन मालक दाखवले की वाचकाचा गोंधळ होतो, असं मी स्वतःला समजावलं. सातबाऱ्यावर माझंही नाव असल्यामुळे खोटं अर्धंच होतं, आणि अर्ध्या खोट्याला मराठीत ललित म्हणतात.

तिसऱ्या की चौथ्या भागात मी फुलांवर लिहिलं. गावी गेलो होतो तेव्हा भावाच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, काही फुलं पाकळ्या मिटून, मान खाली घालून बसलेली पाहिली होती. मी लिहिलं, ‘नवी नवरी पदराआडून बघते तशी ही अर्धी मिटलेली फुलं मला बघून लाजली.’ वाक्यावर मी खूश होतो. भाग पानावर टाकला आणि चहा घेऊन बसलो. छापील काळात या चहाला काही धोका नसे.

पहिली कमेंट आली ती धाडच्या एका चाचांची. फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान.

"साहेब, ते नवरी नाही, डोमकळी हाय. आत गुलाबी अळी बसेल हाय. तोडा आन पायाखाली तुडवा."

त्याखाली नांदुऱ्याकडच्या एका ताईंनी लिहिलं, "तुडवू नका, पिशवीत घालून जाळा. तुडवल्यानं सारी मरत नाही."

मग ती तुडवावी की जाळावी यावर संध्याकाळपर्यंत लढाई चालली. कोणी फोटो टाकले, कोणी अळीचे पतंग पकडायच्या कामगंध सापळ्याचा भाव विचारला, कोणी कोणाला "तुमच्या तालुक्यात काय समजते" असं ऐकवलं. माझं लाजणारं वाक्य तळाशी कुठेतरी चेंगरून पडलं होतं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला नशा चढली होती. इतकी वर्षं विहिरीत दगड टाकत होतो, ‘डुबुक’ही ऐकू आलं नव्हतं. आता दगड टाकला की आतून माणसं बाहेर येत होती, ओली, दगड हातात घेऊन, ‘हा कोणी टाकला बे?’ असं विचारत.

बीटी बियाण्याचं पाकीट फोडलं की अळीची कटकट गेली, असं आम्हाला इतकी वर्षं सांगण्यात आलं होतं. त्या वर्षी हे अळीला सांगायचं राहिलं असावं. बोंडाबोंडात ती निघत होती, आणि जो तो धास्तावला होता. म्हणून माझ्या पानावर येणारा वाचक करमणुकीला येत नव्हता. तो माझ्या शेतात पीक बघायला येत होता. छापील वाचक लेख वाचतो. हा वाचक लेखात चपलांसकट शिरतो, चार तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, फिरतो, एक बोंड फोडून बघतो आणि मग सांगतो की तुमचं काही खरं नाही.

एकदा मी करुण रस आणायचा म्हणून बैल विकला. मालिकेतला. धाडच्या बाजारात नेला, त्याच्या गळ्यात पडून रडलो, रिकामा कासरा घेऊन घरी आलो. रात्रीतून पानावर कल्लोळ.

"आज मी धाडच्या बाजारात दिवसभर होतो," चाचांनी लिहिलं. "असा बैल आला नाही."

नांदुऱ्याच्या ताईंचा प्रश्न वेगळा होता. "एक विकला, मंग जोडीतला दुसरा काय करून राह्यला?"

मी बैल एकच निर्माण केला होता. इतके भाग तो एकटाच वखर ओढत होता आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. शेवटी पुढच्या भागात सौदा मोडला, बैल परत आणला, जोडीला दुसराही बांधला, आणि त्या भागाला इतके लाइक पडले की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. कथा लिहायची आपण आणि बैल परत आणायचे वाचकांनी, हे मला एकदम पसंत पडलं. पुढच्या भागात काय व्हावं असं मी आता लोकांनाच विचारू लागलो. विचारायची खोड होतीच. फक्त या वेळी उत्तरं येत होती, हा फरक माझ्या डोक्यात पुरता शिरला नव्हता.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी भावाचा फोन आला. तो सहसा करत नाही.

"कापूस फुटला सारा," तो म्हणाला. "पन बाया येऊन नाई राह्यल्या."

"काऊन?"

"कवडी हाय अर्धी. कोन येईल?"

अळीने खाल्लेल्या बोंडात कापूस नीट उमलत नाही, टरफलाला चिकटून कडक होतो. त्याला कवडी म्हणतात. ती सोडवून काढायला दुप्पट वेळ, आणि वेचणीचे पैसे मिळतात वजनावर. दुसऱ्याच्या शेतात दिवसभर बोटं फोडून घेऊन अर्धी मजुरी घ्यायला कोण तयार होईल? बायांचं काही चुकत नव्हतं.

"आभाळ भरून येऊन राह्यलं," भाऊ पुढे म्हणाला. "हा भिजला तं मंग काही नाई उरत. जे पांढरं दिसते तेच हाय वर्षाचं."

मी "अरे रे" म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर, आता ऐका, मला कागदाची आठवण झाली. म्हणजे मोबाईलची. दुपारच्या आत भाग लिहून झाला. माझं शेत, माझी कवडी, माझ्या डोक्यावरचं आभाळ. पूर्वी अशा वेळी गावात इर्जिक घालायचे, सारं गाव मिळून एकाचं काम एका दिवसात उरकायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, हेही लिहिलं. आणि शेवटी सवयीने तळाशी ठेवून दिलं: ‘येत्या रविवारी इर्जिक घालावी म्हणतो. पण आता येतो कोण?’

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. स्वतःचंच वाक्य वाचून. चष्मा काढला आणि जेवायला बसलो.

भाताला तूप वाढेपर्यंत पहिली कमेंट आली होती. "मी येतो."

त्याखाली, "घरचे दोघं येतो. कापूस टाकायले कमरेची ओटी आमची आनतो." मग, "बट्टी करा पन." मग, "बट्टीसंगं वांग्याची भाजी पाहिजे बरं." मग चाचांचं, "धाडहून जीप करून राह्यलो, चार जागा खाली हाय, कोनाले यायचं ते सांगा." त्याखाली जागा भरत गेल्या.

मी घाबरलो. आपल्या भावना पोहोचल्या, आता थांबा, अशा अर्थाने दोन जोडलेले हात टाकले. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर तेच हात असतात. लोकांनी ते आग्रहाचं आमंत्रण समजून आणखी नावं नोंदवली.

"शेत कुठी हाय साहेब?" चाचांनी विचारलं.

इथे मी सावरू शकलो असतो. काहीही सांगता आलं असतं. पण इतकी वर्षं लिहून मला कोणी पत्ता विचारला नव्हता. विचारल्याबरोबर मी सांगून टाकला. मोताळ्यापासून कुठे वळायचं, फाट्यावर कुठे उतरायचं, कुठल्या शाळेमागून गाडीवाट जाते, सगळं. वर लिहिलं, ‘कोणालाही विचारा.’ तिथे कोणालाही विचारलं असतं तर त्याने भावाचंच नाव सांगितलं असतं, हे मला पाठवल्यावर सुचलं.

बायकोला सांगणं भाग होतं.

"किती मानसं?"

"वीसेक असतील."

"आन त्याईले जेवू कोन घालन?"

"मालिकेत तू बट्टी फार छान करतेस," मी म्हणालो.

तिने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने पहिल्या भागापासून वाचायला घेतलं, मध्ये एकदाही वर बघितलं नाही. तिचं वाचणं चालू असताना मला छापील वाचकाची फार आठवण आली.

"माझ्या गुडघ्याचं दुखनं जगाले कोनं सांगतलं?" एवढंच तिने शेवटी विचारलं. मग ती गव्हाचं जाडं पीठ दळून आणायला गेली. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे भांडण पुढे ढकलतात.

शनिवारी आम्ही गावी गेलो. एसटीत मी मनात बोलणी जुळवत होतो. उद्या लोक येणार, भाऊ विचारणार तुम्ही कोण, लोक म्हणणार आम्ही साहेबांच्या शेतावर आलो, आणि भाऊ म्हणणार, कोणाच्या? त्या एका शब्दात माझी सारी शेती बुडणार होती. आणि तो तसं म्हणाला असता तर ते खोटं नव्हतं. बरं, लोकांना येऊ नका म्हणावं, तर डोक्यावर आभाळ, आणि शेतात सारं पांढरं तसंच उभं. माझी अब्रू वाचवायची तर त्याचा कापूस भिजणार, त्याचा कापूस वाचवायचा तर माझी अब्रू. हे गणित मी फाट्यापर्यंत पुन्हा पुन्हा मांडलं आणि दर वेळी उत्तर माझ्या विरोधातच आलं.

भाऊ अंगणात खाटेवर बसला होता.

"भाऊ, उद्या काही लोक येतील. वेचायले."

"कोन?"

"वाचक."

"काय वाचते ते?"

"मी लिहितो ते."

"कायचं लिहितो?"

"शेताचं."

"कोनाच्या?"

"आपल्या," मी म्हणालो.

"आपल्या," तो म्हणाला. तो शब्द त्याने सुपारीसारखा तोंडात फिरवून पाहिला. मग उठला, बाहेर जाऊन आभाळाकडे बघून आला आणि वहिनीला म्हणाला, "उद्या चूल मोठी लावा." मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी जीप आली. मागून एक छोटा टेम्पो आला, दोनतीन मोटारसायकली आल्या. चाचा आणि चाची, नांदुऱ्याच्या ताई त्यांच्या बचतगटाच्या बायांसह, आणि कितीतरी माणसं ज्यांना मी फक्त अंगठ्यांनी आणि हसऱ्या तोंडांनी ओळखत होतो. सगळे उतरले आणि नातलगाच्या घरी यावं तसे आत शिरले.

"वहिनी, गुडघा कसा हाय?" एकाने माझ्या बायकोला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याने विचारलं, "त्या दिवशी रागावून माहेरी जाऊन राह्यल्या होत्या, मंग गेल्या का नाई?" तिने परत माझ्याकडे बघितलं. तिसऱ्याने तोंड उघडायच्या आत मी सगळ्यांना शेताकडे वळवलं.

शेतावर वेगळाच घोळ. सगळे चिंच शोधायला लागले.

"चिंच कुठी हाय साहेब? उत्तरेच्या धुऱ्यावर हाय ना?"

उत्तरेच्या धुऱ्यावर एक बाभूळ होती, ती पण शेजाऱ्याची. "तोडली," मी म्हणालो. बचतगटाच्या एका बाईला खरंच वाईट वाटलं. तिला म्हणे त्या चिंचेचा भाग फार आवडला होता, मोबाईलवरून सासूला वाचून दाखवला होता.

तेवढ्यात गोठ्याकडून भाऊ आला. खांद्यावर रिकामी पोती, डोक्याला रुमाल. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"हे कोन?" चाचांनी मला विचारलं.

भावाने पोती खाली टाकली, रुमाल नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"मी सालदार."

सालदार म्हणजे साल ठरवून ठेवलेला शेतगडी. मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "चला मालक, वाटून द्या तासं. ऊन व्हायच्या आत निम्मं झालं पाहिजे." आणि मी वाटायला लागलो तर म्हणाला, "तसं नाई मालक, इकडून." मग त्यानेच वाटली.

तो दिवस मी जन्मभर विसरणार नाही. मालक होतो, आणि सालदाराने मला मेटाकुटीला आणलं. "मालक, ओटी उलटी बांधली." "मालक, कवडी सोडून पुढं गेले तुमी, मागं या." "मालक, फोन ठेवा, मंग वेचा." लोक वेचता वेचता फोटो काढून पानावर टाकत होते, जे आले नव्हते ते घरबसल्या कमेंट करत होते, आणि मी तासात उभा राहून ते वाचत होतो. एकाने लिहिलं, "निळ्या शर्टाचा मानूस कोन? वेचते कमी आन पाहते जास्त." तो मीच.

"सालदार लईच बोलतो मालकाले," एक जण म्हणाला.

"जुना आहे," मी म्हणालो.

"किती वर्सं झाले तुमाले इथी?" त्याने भावाला विचारलं.

"मालकाच्या जलमाच्या आंधीपासून," भाऊ म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे सरकला.

नांदुऱ्याच्या ताई माझ्या शेजारच्या तासात होत्या. त्यांची बोटं बोंडावर अशी चालत की माझं एक होईपर्यंत त्यांचं झाड मोकळं. एका झाडाशी त्यांनी ओटी सावरली. मग म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? सालदाराचं एक अक्षर नाई लिवलं तुमी. बैलावर तीन भाग लिवले."

मी कवडीत बोट अडकल्यासारखं केलं.

"बैल कुठी हाय पन?" त्यांनी भावालाच हाक मारून विचारलं. आमच्या गोठ्यात त्या वेळी बैल नव्हताच. भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागल्यापासून नव्हता.

"चरायले गेला," भाऊ म्हणाला.

दुपार कलल्यावर त्यांनी परत विचारलं, "अजून नाई आला?"

"मालकानं परत विकला असन," भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मी पण हसलो, आणि हसता हसता थांबलो. परत? पहिल्यांदा विकला होता हे याला कोणी सांगितलं? मी त्याच्याकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता, एखाद्या निष्पाप माणसासारखा. घरात वहिनीचा मोबाईल आहे आणि त्यावर माझं पान उघडतं हे मला आठवलं, आणि त्याबरोबर नवरीसारखी लाजणारी फुलं, एकट्याने वखर ओढणारा बैल, सगळं आठवलं, आणि माझे कान तापले.

दिवस मावळायच्या आत शेवटची पोती घरात आली. अंगणात पंगत बसली तोवर पत्र्यावर थेंब वाजायला लागले, आणि कोणी कोणाला काही न सांगता सगळ्यांनी एकदम ओसरीत रचलेल्या कापसाकडे बघितलं. ओट्यांमधून निघालेली कवडी एका बाजूला, चांगला कापूस एका बाजूला. भाऊ दाराशी उभा होता. त्याने पोत्यांवर हात ठेवला, आणि मग जाऊन वरणाची बादली उचलली. तो वाढायला लागला तसे सगळे ओरडले. सालदाराने वाढायचं नाही, आधी बसायचं, मालकाशेजारी बसायचं. त्याला धरून माझ्या शेजारी बसवलं. माझी बायको वाढायला आली. तिने त्याच्या पानात बट्टी कुस्करून त्यावर तुपाची धार धरली, ती थांबायलाच तयार नाही. मग माझ्याकडे आली आणि वाटी जेमतेम वाकडी केली.

"मालक," भाऊ हळूच म्हणाला, "बट्टी मालिकेतल्यावानीच झाली."

निघताना चाचा मला बाजूला घेऊन गेले. "साहेब, सालदाराचं नाक बिलकुल तुमच्या नाकासारखं हाय." त्यांनी माझ्या नाकाकडे नीट बघितलं. "चांगल्या नाकाचा मानूस हाय. सांभाळा त्याले." आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

पुढचा भाग लिहायला मला वेळ लागला. चिंच नव्हती, बैल नव्हते, शेत भावाचं, आणि सालदार तोच, हे सगळं लिहिलं. शेवटी प्रश्न टाकला नाही. पूर्णविराम दिला, तो चांगला ठसठशीत आहे ना ते दोनदा तपासलं. आणि आता इथे तरी कोणी काही विचारू शकणार नाही अशा समाधानात बसलो.

सगळ्यात आधी एका नव्या खात्यावरून कमेंट आली. फोटोच्या जागी एका बैलाचं चित्र होतं, आणि नाव ‘सालदार’.

"मालक, मालिका बरी चालू हाय. पन कापूस झाल्यावर पऱ्हाटी तशीच उभी ठेवून आनखी फरदड घ्यायची नाई, त्यानं अळी पुढच्या सालाले राह्यते. या आठवड्यात उपटून काढायची हाय. येता का?"

मग काय विचारता. "मालक येतात का?" "मालक, उत्तर द्या." "ऑनलाइन दिसून राह्यले, बोलत काऊन नाई?" चाचांनी हसरी तोंडं टाकली, एकाखाली एक. नांदुऱ्याच्या ताईंनी लिहिलं, "आमी येऊन गेलो. आता तुमची पाळी." मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारले, आणि साऱ्या जिल्ह्यादेखत मला विचारणारा हा पहिलाच माणूस घरातला निघाला. मी घाईघाईने जोडलेले हात टाकले.

"हात जोडू नका," सालदाराने लिहिलं. "हातात चिमटा घ्या."

‘येतो,’ मी टाइप केलं. बायको मागे उभी होती. तिने वाकून वाचलं आणि माझी पिशवी भरायला गेली.

पऱ्हाटी उपटायचा चिमटा हे लोखंडाचं एक दुष्ट हत्यार आहे. बुंधा पकडायचा आणि अंगाचा भार टाकून मुळासकट वर ओढायचं. दुपारपर्यंत माझे दोन्ही तळहात सोलून निघाले. आम्ही धुऱ्यावर बसलो तेव्हा पाण्याची बाटलीसुद्धा मला नीट धरवत नव्हती. भावाने माझा फोन घेतला, वहिनीचा जुना चष्मा नाकावर चढवला आणि माझ्या पानावर आलेले प्रश्न मोठ्याने वाचायला लागला. कोणाला डोमकळीचं विचारायचं होतं, कोणाला कवडी वेगळी विकावी की एकत्र, कोणाला पऱ्हाटीचं काय करायचं ते. तो एकेका प्रश्नाला एका बोटाने उत्तर लिहीत होता, माझ्या नावाने.

"मले इचार तरी," मी म्हणालो.

"तुले काय इचारू?" तो म्हणाला आणि लिहीत राहिला.

थोड्या वेळाने तो थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावरची रेष हलू न देता.

"हे पाह," तो म्हणाला, "धाडवाल्या चाचानं काय टाकलं."

मी वाकून बघितलं. चाचांनी लिहिलं होतं, ‘आज साहेब कामाचं लिहून राह्यले.’